लबकजवळची कापसाची काउंटी: सरकारी पैसा कशावर मिळतो, कुणाला मिळतो?

वर्धेकाठ

या मंचावर कापसाच्या आयातशुल्काच्या चर्चेच्या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिलं होतं की अमेरिकेतला शेतकरी सरकारी पैशावर गब्बर होतो आणि आपला मरतो. याला तिथे दोन ओळींत उत्तर देता येणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, बाबा अजून कापूस लावतात. मी टेक्सासमध्ये लबकला राहते, कापसाच्या प्रतवारीशी संबंधित काम करते. त्यामुळे दोन्हीकडच्या कास्तकारांशी रोजचं बोलणं होतं.

लबकच्या दक्षिणेला लागून लिन काउंटी आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). मुख्य गाव टहोका. क्षेत्रफळ आपल्याकडच्या दोन मोठ्या तालुक्यांएवढं, साधारण २,३०० चौरस किलोमीटर. माणसं मात्र २०२०च्या जनगणनेत सहा हजारांच्याही आत. जमीन तळहातासारखी सपाट. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या निम्मा. जमिनीखालचं ओगलाला जलधराचं पाणी दरवर्षी खाली चाललंय, त्यामुळे बरीच शेती कोरडवाहू. पीक एकच, कापूस.

इथे सरकारी पैसा तीन-चार वाटांनी येतो. त्यातली सगळ्यात चमत्कारिक वाट आधी सांगते, कारण आपल्याकडे ती कुणालाच माहीत नसते.

इथल्या प्रत्येक शेताच्या नावावर कृषी खात्याच्या दप्तरी काही 'बेस एकर' लिहिलेले असतात. पूर्वी कधीतरी त्या शेतात कोणतं पीक किती एकरांवर होतं, त्या इतिहासावरून हा आकडा ठरलेला आहे. सरकार कापसाची एक संदर्भ किंमत कायद्यातच लिहून ठेवतं. बाजारभाव त्याच्या खाली गेला, की फरकाची रक्कम बेस एकरांच्या ८५ टक्क्यांवर मिळते. यंदा तुम्ही तिथे कापूस लावला, ज्वारी लावली की काहीच नाही लावलं, याच्याशी त्या पैशाचा संबंध नाही. उत्पादनही ठरवून दिलेलं, दप्तरातलं. समजा एखाद्याकडे १,००० बेस एकर आहेत, दप्तरी उत्पादन एकरी १,००० पौंड सरकीसह कापूस आहे आणि भाव संदर्भ किमतीपेक्षा ४ सेंटने खाली आहे. ८५० गुणिले १,००० गुणिले ४ सेंट, म्हणजे ३४,००० डॉलर. सरकारने एक बोंडही विकत घेतलेलं नसतं.

२०१८पासून ही संदर्भ किंमत पौंडाला ३६.७ सेंट होती. जुलै २०२५च्या कायद्याने ती ४२ सेंट केली. माणशी मर्यादा होती १,२५,००० डॉलर, ती १,५५,००० झाली. आणि पैसा मिळतो केव्हा? कापसाचं बाजारवर्ष ३१ जुलैला संपतं, त्यानंतरच्या ऑक्टोबरात. म्हणजे २०२५च्या कापसाचा फरक २०२६च्या ऑक्टोबरात. तोवर बँकेचं कर्ज अंगावर असतंच.

विमा आणि इतर वाटांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोवर प्रश्न असतील तर विचारा.

---

पऱ्हाटी

ताई, मी राळेगाव तालुक्यातला. सहा एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, दोन एकर तूर. तुमचा हिशोब दोनदा वाचला. चौतीस हजार डॉलर म्हणजे तीस लाखांच्या आसपास आले न जी! आमच्याकडे वर्षाचे केंद्राच्या पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार, असे बारा हजार रुपये. तेही केवायसी, आधार सीडिंग, लँड सीडिंग, आता फार्मर आयडी, यातलं एक काही अडलं की हप्ता अडकला.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्याला ४२ सेंटचा आधार आहे म्हणून तो कापूस लावतच राहतो. त्यानं लावला की जगात माल वाढतो. माल वाढला की माझा भाव पडतो. बरोबर का चूक?

---

वर्धेकाठ

भाऊ, बरोबर आहे, आणि हे जागतिक व्यापार संघटनेत सिद्धही झालेलं आहे. ब्राझीलने २००२ साली अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली, ती जिंकली आणि अपिलातही निकाल टिकला. त्याच सुमारास, २००३ मध्ये, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी तुमचाच प्रश्न तिथे मांडला होता. त्यांच्याकडेही शेतं तुमच्याएवढीच.

पुढे जे झालं ते वाचून मला आजही संताप येतो. अमेरिकेने अनुदान लगेच बंद केलं नाही. २०१०च्या तडजोडीत ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. स्वतःच्या शेतकऱ्यांना द्यायचा पैसा चालू राहावा म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसा! २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि त्या वर्षीच्या कृषी कायद्यात कापसाला किंमत-आधाराच्या यादीतून वगळलं. चार वर्षांत, २०१८च्या फेब्रुवारीत, कापूस त्याच यादीत परत आला. रुईऐवजी 'सरकीसह कापूस' असं पिकाचं नाव घातलं आणि काम झालं. आफ्रिकेतल्या त्या चार देशांना या सगळ्यातून काय मिळालं? जवळपास काहीच नाही.

---

कडुनिंब

लेख माहितीपूर्ण आहे, पण एकाच बाजूने वाहवत जाऊ नये असं वाटतं. अमेरिका जगातल्या कापसाचा आठवा-नववा हिस्सा पिकवते. चीन आणि भारत तिच्यापेक्षा कितीतरी जास्त पिकवतात, आणि आधार तेही देतात. आपला हमीभाव २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये होता, बाजार हमीभावाच्या खाली गेला की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) खरेदीला उतरते. २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या याच हमीभावावर बोट ठेवलं होतं. आणि निर्यातीत ब्राझीलने २०२३-२४ मध्ये अमेरिकेला मागे टाकलं. तेव्हा पडलेल्या भावाचा सगळा दोष लबकच्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही.

---

पऱ्हाटी

कडुनिंब साहेब, ८,११० कागदावर आहे. आमच्याकडे दिवाळीला घरात पैसा लागतो, आणि पहिल्या वेच्याच्या कापसात ओल असते. बारा टक्क्यांच्या वर ओल गेली की केंद्रावर गाडी परत. मग खेडा खरेदीवाला दारात येतो, तो म्हणेल तो भाव. २०२५च्या हंगामात तर कपास किसान अॅपवर नोंदणी केल्याशिवाय केंद्रावर उभंच करत नव्हते. ज्याच्याकडे घर आहे, कापूस साठवायला जागा आहे, दोन महिने थांबायची ताकद आहे, त्याला हमीभाव. बाकीच्यांना जे मिळेल ते.

आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क काढून टाकलं, ते डिसेंबर अखेरपर्यंत. ऐन बोंडं फुटायच्या वेळेला. त्या बिनशुल्क कापसात ताईंच्या लबकचाही कापूस असेल, ज्याला तिथं आधार मिळालेला आहे. हे मला सलते.

---

सातबारा

कृषी विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धागा फार चांगला चाललाय, म्हणून थोडी भर.

वर्धेकाठ यांनी बेस एकरबद्दल लिहिलं ते वाचून मला आपल्या पीएम किसानची आठवण झाली. तिथेही लाभ एका तारखेला गोठवलेला आहे: १ फेब्रुवारी २०१९. त्या दिवशी सातबारावर ज्याचं नाव, तो पात्र. नंतर जमीन विकत घेतली तर लाभ नाही, वारसाने आली तर मिळतो. दोन्ही सरकारांनी एकच विचार केलेला दिसतो: पैसा आज काय पिकवलं याच्याशी जोडू नका, जमिनीच्या नोंदीशी जोडा. वाटायला सोपं जातं. पण शेतात राबणारा माणूस आणि नोंदीतला माणूस एकच असेल, याची खात्री आपल्याकडे कुणी देत नाही.

विम्याबद्दल ताईंनी लिहावं. आपल्याकडे २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि २०२५च्या खरिपापासून गेला. आता कापसाला विमा संरक्षित रकमेच्या पाच टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो आणि भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. मंडळाची सरासरी बरी आली की माझं शेत वाहून गेलं तरी शून्य. तिकडे कसं आहे?

---

वर्धेकाठ

सातबारा काका, तुम्ही नेमकं विचारलंत.

इथे दोन्ही प्रकार आहेत. संपूर्ण काउंटीच्या सरासरीवर चालणारा विमा आहे, त्यात तुमच्या मंडळासारखाच प्रकार होतो. एका काउंटीत भरपाई मिळते, रस्ता ओलांडला की पलीकडच्या काउंटीत नाही, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं पीक डोळ्यांना सारखंच दिसतं. पण मुख्य विमा शेतकऱ्याच्या स्वतःच्या उत्पादनाच्या इतिहासावर असतो. हप्त्याचा सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास वाटा सरकार भरतं. विकतात खाजगी कंपन्या, त्यांचा कारभाराचा खर्चही सरकार देतं. आणि या अनुदानाला माणशी कमाल मर्यादाच नाही. जितके एकर, तितकं अनुदान.

२०२२ साली इथे भयानक दुष्काळ पडला. टेक्सासात पेरलेल्या कापसापैकी जवळपास तीन चतुर्थांश क्षेत्रावर वेचणी झालीच नाही. त्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात विम्याचा तपासनीस आला तेव्हा मी तिथे होते. त्याने शेतात चार-पाच ठिकाणी ओळीवर टेप धरला, तेवढ्या लांबीतली झाडं मोजली, कुठे बोंड धरलंय का ते पाहिलं, नकाशावर खुणा केल्या. कापूस वीतभर उंच, करपलेला. शेतकरी मागे हात बांधून उभा. तपासनिसाने आकडा सांगितला, शेतकऱ्याने सही केली, आणि त्याला शेत मोडायची परवानगी मिळाली. कुणी कुणाला विनवलं नाही, कुणी चहापाण्याचं बोललं नाही. मला त्या क्षणी बाबांचं शेत आठवलं. आमच्या शेतात पंचनाम्याला माणूस यायचा तो गावात बसूनच कागद भरायचा.

माझ्या मते आपण इथून घेण्यासारखी गोष्ट ही आहे. रक्कम आपल्याला परवडणार नाही. पण भाव कुठल्या सूत्राने धरणार ते पेरणीच्या आधी माहीत असणं, आणि पीक बुडालं की कुणीतरी बांधावर येऊन प्रत्यक्ष मोजणं, हे आपल्यालाही करता येईल.

याच दुष्काळाची दुसरी बाजूही सांगते. शेतकऱ्याला विमा मिळाला. जिनिंगला काय मिळालं? सरकी-रुई वेगळी करायला कापूसच नाही. हंगामी मजूर बोलावले नाहीत. गुलाबी-पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे ते मोठाले गोल गठ्ठे जिनिंगच्या आवारात ओळीने उभे असतात, त्या साली आवार रिकामं होतं. ट्रकवाले, मेकॅनिक, गावातली खाणावळ, सगळ्यांचं वर्ष कोरडं गेलं. सरकारी पैसा जमिनीच्या मागे जातो, त्या जमिनीवर पोट असलेल्या बाकीच्यांच्या मागे जात नाही.

---

आयोवाची_सून

इकडे मका-सोयाबीनच्या पट्ट्यात हेच चित्र. माझ्या सासरी शेती आहे. मला सगळ्यात जास्त खुपतो तो ऐनवेळी जाहीर होणारा पैसा. २०१८-१९ मध्ये चीनशी शुल्कयुद्ध झालं तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले. २०१९ला तर प्रत्येक काउंटीला वेगळा एकरी दर, १५ पासून १५० डॉलरपर्यंत. शेजारच्या काउंटीला आपल्यापेक्षा जास्त का, यावरून चर्चच्या जेवणात सुद्धा वाद व्हायचे. २०२०ला कोविडची मदत धरून थेट मदतीचा उच्चांक झाला.

आता डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. सासरे म्हणतात, "मला चेक नको, गिऱ्हाईक द्या." सोयाबीन घेणारा चीन गेला की ते गिऱ्हाईक ब्राझीलकडून परत येत नाही, चेक आला तरी.

---

वर्धेकाठ

तुमच्या सासऱ्यांचं वाक्य इथेही ऐकू येतं. कापसाला २०२४च्या पिकासाठी एकरी ८४.७४ डॉलर मिळाले, तो पैसा डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने मंजूर केला होता. ऐकायला मोठी रक्कम वाटते. पण तो पैसा बहुतेकांच्या हातात थांबला नाही. खताचं आणि बियाण्याचं देणं, यंत्राचा हप्ता, बँक. इथल्या बँकाही आता कर्ज देताना 'मदत येईलच' असं गृहीत धरून बसतात.

---

अटलांटाकर

एक महत्त्वाचा मुद्दा राहतोय. हा पैसा वाटणारी जी काउंटीची कचेरी असते, तिच्यावर देखरेख करणारी समिती तिथल्याच शेतकऱ्यांमधून निवडून येते. ऐकायला छान लोकशाही. पण दक्षिणेतल्या राज्यांत अनेक दशकं या समित्यांवर गोरेच शेतकरी निवडून यायचे आणि काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज पडून राहायचे, पेरणी उलटून गेल्यावर मंजूर व्हायचे, किंवा व्हायचेच नाहीत. हजारो कुटुंबांच्या जमिनी त्यात गेल्या. 'पिगफोर्ड विरुद्ध ग्लिकमन' हा खटला १९९९ साली मिटला तेव्हा सरकारला एक अब्जाहून जास्त डॉलर द्यावे लागले, २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज. २०२४ मध्ये भेदभाव सोसलेल्या ४३ हजारांहून जास्त लोकांना मिळून सुमारे दोन अब्ज डॉलर दिले गेले.

स्थानिक समितीवर विश्वास टाकावा असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा. गावातलाच माणूस गावातल्या माणसाचा हक्क मारू शकतो.

---

कडुनिंब

यातल्या नावांची यादी सार्वजनिक असते असं ऐकलं आहे. खरं आहे का?

---

वर्धेकाठ

खरं आहे, अर्धं. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची वॉशिंग्टनमधली संस्था सरकारकडून नोंदी मिळवून १९९५पासूनचा हिशोब संकेतस्थळावर ठेवते. काउंटी निवडली की नावानिशी रकमा दिसतात. त्यांच्याच हिशोबाप्रमाणे पिकांवरच्या मदतीचा तीन चतुर्थांशाहून जास्त पैसा वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेला. विम्याच्या अनुदानाची नावं मात्र कायद्याने गुप्त आहेत, आणि वर म्हटलं तसं त्यालाच मर्यादा नाही.

मर्यादेतून वाट काढणंही सर्रास चालतं. कुटुंबाची भागीदारी केली की प्रत्येक भागीदाराची स्वतंत्र मर्यादा. २०१८च्या कायद्याने त्या 'कुटुंबात' चुलत-मावस भावंडं आणि भाचे-पुतणेही बसवले. ते कुठल्या शहरात राहतात हे फारसं कुणी बघत नाही.

---

सातबारा

पीएम किसानचीही गावनिहाय यादी पोर्टलवर आहे, कुणालाही बघता येते. मी गावातल्या मुलांना ती काढून वाचायला सांगतो. नोकरी करणारे, करदाते अपात्र असूनही यादीत होते, ते तपासणीत उघड झाले आणि वसुलीही झाली. यादी भिंतीवर लावली पाहिजे, मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नाही.

---

पऱ्हाटी

काका, यादी भिंतीवर लागली तर माझं नाव अर्धंच दिसेल. माझ्या सहा एकरांपैकी तीन एकर ठोक्यानं, म्हणजे खंडानं केलेलं आहे. मालक नागपूरला राहतात. पीएम किसान त्यांना, नमो त्यांना, अतिवृष्टीची मदतही त्यांच्या खात्यात. ते माणूस म्हणून चांगले आहेत, मागच्या वर्षी मदतीतले अर्धे मला दिले. पण ती त्यांची मर्जी झाली, माझा हक्क नाही.

ताई, तिकडे ठोक्यानं करणाऱ्याला मिळते का?

---

वर्धेकाठ

मिळतं, भाऊ. कायद्यात स्पष्ट आहे: रोख खंडाने जमीन कसत असेल तर सगळी रक्कम कसणाऱ्याला, बटईने असेल तर ज्याचा पिकात जेवढा वाटा तेवढा पैशात. कचेरीत भाडेपट्ट्याची नोंद असते. जमीन मालक ह्यूस्टनला राहिला तरी खंडाच्या जमिनीवरची मदत लिन काउंटीत ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या खात्यात येते.

पण मग मालक काय करतो? खंड वाढवतो. ज्या शेताला बेस एकर जास्त, त्याचा खंड जास्त, आणि विकायला काढलं तर भावही जास्त. नव्याने शेती सुरू करू पाहणाऱ्या तरुणाला ती जमीन परवडत नाही. म्हणजे पैसा आला कसणाऱ्याच्या नावाने आणि दोन-तीन वर्षांत सरकला मालकाकडेच.

तरीसुद्धा भाडेपट्ट्याची नोंद असणं हे तुमच्यासाठी मोठं काम करेल. नोंद असेल तर विमा तुमच्या नावाने निघतो, सीसीआयला कापूस तुमच्या नावाने देण्याचा मार्गही खुला होऊ शकतो. तुमच्या मालकांशी लेखी करार करता येईल का?

---

पऱ्हाटी

विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, कागद झाला की कूळ लागते. त्यांच्या वडिलांच्या काळात कूळकायद्यात थोडी जमीन गेलेली आहे, ती भीती त्यांच्या मनातून जात नाही. त्यांचंही चुकत नाही.

---

सातबारा

ही भीती गावोगावी आहे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक योजनेची गाडी इथेच अडते. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) १५ ऑगस्ट २०२१ला सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं की आता कसणाऱ्याचं नाव नोंदीत येईल. पण तिथेही खातेदाराचंच नाव निवडावं लागतं. शेतात उभं राहून फोटो काढणारा तू, नोंद मालकाची.

पऱ्हाटी, तुझ्या मालकांचा फोन नंबर मला व्यक्तिगत निरोपातून पाठव. पीक विम्यात भाडेपट्टी करारावर नाव लावायची सोय आहे, आणि नोंदणीकृत करार एका हंगामापुरता करता येतो. मी त्यांच्याशी बोलतो. पुढच्या खरिपाच्या आत झालं पाहिजे.